घोषणेआधी उठलेली माणसं

१

शहराच्या मुख्य स्टेशनावर तिला नावाने कुणीच हाक मारत नसे. हमालापासून स्टेशनमास्तरांपर्यंत सगळे तिला आवाजबाई म्हणत. गाड्यांच्या घोषणा करणं हे तिचं काम. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे, कुठली उशिरा येते आहे, कुठली आज येणारच नाही, हे सगळं तिच्या तोंडून शहराला कळायचं.

तिची खोली स्टेशनच्या मोठ्या हॉलच्या वर होती. अरुंद लोखंडी जिना चढून गेलं की एक जाड दार, आणि आत एक टेबल, माईक, फोन, गाड्यांची माहिती दाखवणारा पडदा. समोर भिंतभर काच. काचेतून खालचा सगळा हॉल दिसायचा: लाकडी बाकं, तिकिटांच्या खिडक्या, चहाचा ठेला, फलाटांकडे जाणारी रुंद दारं. दिसायचं सगळं, पण ऐकू काही यायचं नाही. बाहेरचा गोंगाट माईकमध्ये शिरू नये म्हणून दाराला आणि भिंतींना जाड अस्तर लावलेलं होतं. त्यामुळे इतक्या वर्षांत आपला आवाज खाली कसा वाजतो, हे तिने स्वतः कधी ऐकलं नव्हतं. तिला फक्त त्याचा परिणाम दिसायचा. ती म्हणायची, "समुद्राकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर येत आहे," आणि काचेखाली अर्धा हॉल उठून उभा राहायचा. पिशव्या उचलल्या जायच्या, पोरांचे दंड धरले जायचे, कुणीतरी बूट शोधत बाकाखाली वाकायचं. तिला ते बघायला फार आवडायचं.

दुपारी सासूबाई डबा घेऊन यायच्या. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून एकदा घरी येणारा. त्यामुळे घरात या दोघीच. सासूबाईंची सगळी हयात सूतगिरणीत गेली होती आणि गिरणीने पेन्शनबरोबर बहिरेपणही दिलं होतं. कानात घालायचं यंत्र मुलाने आणून दिलं, पण "त्यात नुसत्या शिट्ट्या वाजतात, मला काय कुकर समजतोस?" असं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकून दिलं. त्या ओठांवरून ओळखायच्या, उरलेलं अंदाजाने भरून काढायच्या. डबा वर पोचवला की खाली घड्याळाखालच्या बाकावर बसून त्या तासभर माणसं बघत बसायच्या.

"आमच्या घरी उलटंच आहे," आवाजबाई चहावाल्याला सांगायची, "अख्खं गाव माझं ऐकतं, सासू तेवढी ऐकत नाही."

२

ती दुपार इतर दुपारींसारखीच होती. समुद्राकडची गाडी सांगायची वेळ झाली, तिने माईककडे हात नेला आणि तेवढ्यात तिला ठसका लागला. ती पाण्याचा घोट घ्यायला वळली. परत काचेकडे पाहिलं तर हॉल उठला होता. पिशव्या खांद्यावर, पोरांचे दंड हातात, माणसं चार नंबरच्या दाराकडे निघालेली.

तिने अजून एक शब्दही उच्चारला नव्हता. माईकचा लाल दिवासुद्धा लागलेला नव्हता.

रोजची माणसं असतील, ती मनाशी म्हणाली. रोज त्याच गाडीने जाणाऱ्याला कुणी सांगायला कशाला हवं? शिवाय हल्ली सगळ्यांच्या हातात मोबाईल. तिने घोषणा केली. खाली दोघातिघांनी मान वर करून काचेकडे पाहिलं, एकदा सांगितलेलं कुणी पुन्हा सांगितल्यावर बघावं तसं.

ते बघणं तिच्या डोक्यातून जाईना. पुढच्या काही दिवसांत ती मुद्दाम थांबू लागली. कधी घोट घ्यायची, कधी खिडकीची धूळ पुसायची. रोज घडत नसे. पण जेव्हा घडे, तेव्हा अगदी तसंच घडे. ती गप्प बसलेली असायची आणि माणसं उठायची. एकदा तर गाडीचा फलाट आयत्या वेळी बदलला. तिला फोन आला, तिने फोन ठेवला, आणि वळते तर तिनाच्या दारात गेलेली माणसं पाचाच्या दाराकडे वळलीदेखील होती. मोबाईलवर इतक्या लवकर येतं का? येत असेल. नसेल कशावरून?

संध्याकाळी घरी जाताना तिने चहावाल्याला विचारलं, "खाली आवाज नीट येतो ना माझा?"

"येतो की," चहावाला कपबश्या विसळत म्हणाला. "पण बाई, हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा कशाला सांगता? गिऱ्हाईक दोन्ही वेळा उठतं, माझा चहा सांडतो."

"दोनदा?"

"हां. पहिल्यांदा एकदम छान सांगता, सावकाश. मग थोड्या वेळाने परत, घाईघाईत."

३

तिने स्टेशनमास्तरांना गाठलं. मास्तर निवृत्तीला टेकलेले, कुठलीही गोष्ट मनाला लावून न घेणारे गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं आणि वायरमनला बोलावलं. वायरमन दोन दिवस शिडी घेऊन हॉलभर फिरला. स्पीकर उघडले, तारा तपासल्या, कोळिष्टकं झाडली.

"काही नाही," तो म्हणाला. "हॉल मोठा आहे, छत उंच. आवाज घुमतो."

"म्हणजे प्रतिध्वनी," मास्तर म्हणाले. "झालं समाधान?"

"साहेब, प्रतिध्वनी मागून येतो," आवाजबाई म्हणाली. "आधी कसा येईल?"

मास्तर हसले. मग तिचा चेहरा बघून हसू आवरून तिच्याबरोबर हॉलमधून चालू लागले. पूर्वेच्या टोकाला, जिथे बाकं संपतात, तिथे भिंतीत एक मोठं जुनं लोखंडी फाटक होतं. त्यामागे फरशी पुसायची यंत्रं आणि बादल्या ठेवत. या स्टेशनाला एक नंबरचा फलाट नव्हता, मोजणी दोनापासून सुरू व्हायची. नवा माणूस हटकून विचारायचा, एक नंबर कुठे आहे? हमालांचं उत्तर ठरलेलं: "तिथली गाडी गेली कधीच. आता पुढच्या वेळी या."

"हा हॉलच मुळी एक नंबरवर बांधलाय," मास्तर फाटकावर हात ठेवून म्हणाले. "पूर्वी गाड्या इथेच संपायच्या. पुढे नदीवर पूल झाला, रूळ पलीकडे गेले. एक नंबरची लाइन काही पुलाला जुळेना, म्हणून ती उखडली, वर फरशी घातली, छत वाढवलं. आकडे मात्र तसेच ठेवले. बदलले असते तर जुनी माणसं चुकली असती. म्हणजे खाली पोकळ जागा असणार. आवाज काय, कुठूनही घुमेल."

हे स्पष्टीकरण तिला पटलं नाही, पण दुसरं हाताशी नव्हतं. तिने तेच घरी नेलं आणि रात्री त्याच्यावर डोकं ठेवून झोपली.

४

त्यानंतरच्या आठवड्यात एकदा ती डबा संपवून काचेशी उभी होती. डोंगराकडची गाडी यायला अवकाश होता. खाली एकेक माणूस उठायला लागलं, आणि त्यांच्यात घड्याळाखालच्या बाकावरून सासूबाईही उठल्या.

आधी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारीचे पाय आखडले असतील. पण सासूबाईंनी केसांवरून हात फिरवला, स्वेटरची बटणं लावली आणि मान किंचित कलती करून उभ्या राहिल्या. ऐकताना माणूस राहतो तशा.

आवाजबाई दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली. सासूबाईंच्या खांद्याला हात लावला. घरात त्यांना बोलवायची हीच पद्धत होती.

"आई, निघालात?"

त्या दचकल्या, मग लाजल्यासारखं हसल्या. "अगं, तू बोलत होतीस ना, म्हणून उठले. खुळीच मी. मला कुठे जायचंय?"

"मी? मी वर गप्प उभी होते."

"मला काय शिकवतेस? आता आता तर बोललीस." सासूबाईंचे डोळे चमकत होते. "किती वर्षांनी असं स्वच्छ ऐकू आलं गं मला. शब्दन् शब्द. तुझा आवाज इतका गोड आहे, मला माहीतच नव्हतं."

फोन वाजत असेल या धास्तीने आवाजबाई वर गेली आणि तिने डोंगराकडची गाडी सांगितली. काचेतून तिने बाकाकडे पाहिलं. सासूबाई समोरून चाललेल्या एका कुत्र्याला बघत बसल्या होत्या. या वेळच्या घोषणेचं त्यांना काहीच कळलं नव्हतं.

घरी गेल्यावर तिने विषय काढला, डबा आता मीच सकाळी नेत जाईन. सासूबाई अशा फुगल्या, की रात्री जेवताना भांड्यांचाच आवाज. "घरात बसून भिंतींशी बोलू का?" त्या शेवटी म्हणाल्या. "आणि आता कुठे ऐकू यायला लागलंय, तर तू मला घरी बसवतेस." म्हातारीला एवढा आनंद कशाने झालेला तिने बघितला नव्हता. तिने विषय सोडला, आणि डबा दुपारीच येत राहिला.

५

मग पुलाच्या दुरुस्तीचा दिवस आला. दुपारभर एकही गाडी येणार नव्हती की सुटणार नव्हती. तिने ते तीनतीनदा सांगितलं. तरी ज्यांना लांब जायचं होतं ती माणसं येऊन बसलीच होती. हॉल भरलेला, पण निवांत. कुणी पेंगत होतं, पुढच्या बाकावर एक नवराबायको हळू आवाजात भांडत होते, शेजारी तपकिरी टोपीवाला एक गृहस्थ सुटकेसवर पाय टाकून पेपर वाचत होता. सासूबाई आपल्या जागी होत्या. माईक बंद होता. तिने डब्याचं झाकण उघडलं.

टोपीवाल्याने पेपराची घडी घातली आणि तो उठला. सुटकेस तिथेच ठेवून चालू लागला.

मग ते नवराबायको उठले. भांडण अर्ध्यावर टाकून, दोघं एकदम. मग त्यांच्या मागचं बाक. ज्याचं पोर झोपलं होतं त्याने ते खांद्यावर घेतलं, बाकी कुणी काही घेतलं नाही. पिशव्या, गाठोडी, छत्र्या, सगळं बाकांवर तसंच राहिलं. आणि कुणालाही घाई नव्हती. एवढ्या वर्षांत तिने त्या हॉलमध्ये घाई नसलेली गर्दी पाहिली नव्हती. सगळी माणसं एका चालीने पूर्वेकडे निघाली होती, जिकडे कुठलाच फलाट नव्हता.

सासूबाईंनी हातातली पिशवी बाकावर ठेवली आणि त्या उठल्या.

आवाजबाईने माईक चालू केला. "प्रवाशांनी कृपया जागेवर थांबावे. कोणतीही गाडी येत नाही. पुन्हा सांगते, कोणतीही गाडी येत नाही." लाल दिवा लागलेला होता. खाली एकानेही मान वळवली नाही.

तिने ते जाड दार ढकललं, आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर तिला तिचा आवाज ऐकू आला.

तो छताखाली सगळीकडून येत होता. सावकाश, समजुतीचा, अगदी घरातलं कुणी बोलावं तसा. ती तसं कधी बोललीच नव्हती, पण आवाज तिचाच होता यात शंका नव्हती. गाडी कुठली, जाणार कुठे, हे शब्द तिच्या हाती लागले नाहीत. फक्त शेवटचं वाक्य लागलं.

"प्रवाशांनी सामान घेण्याची गरज नाही."

ती धावली. माणसं तिला वाट देत होती, पण तिच्याकडे बघत नव्हती. पुढे ते लोखंडी फाटक एक माणूस जाईल इतकं उघडं होतं. बादल्या नव्हत्या, यंत्रं नव्हती. आतून उजेड येत होता, ढगाळ दुपारी असतो तसा. नुकताच धुतल्यासारखा लांबलचक ओला फलाट दिसला, आणि त्याच्या कडेला ओळीने उभी असलेली माणसं. पुष्कळ माणसं. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे, आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या, गाडी येताना वळतात तशा. टोपीवाला आत शिरला आणि ओळीत जाऊन उभा राहिला. त्याला जागा द्यायला शेजारचा किंचित सरकला.

तिने तेवढंच पाहिलं. सासूबाई फाटकापासून चार हातांवर होत्या. तिने दोन्ही हातांनी त्यांचा खांदा धरला आणि त्यांना आपल्याकडे फिरवलं.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वर त्या काचेच्या खोलीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, तू इथे आहेस," त्या मोठ्याने म्हणाल्या, बहिरी माणसं बोलतात तशा, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मग बोलतंय कोण?"

आवाज थांबला.

त्यापाठोपाठ कुणीतरी म्हणालं, "अरे, माझी बॅग?" एक पोर जागं होऊन रडू लागलं. माणसं झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे बघायला लागली, एकमेकांना सॉरी म्हणत बाकांकडे परतली. भांडणारी बाई नवऱ्याला म्हणाली, "मला का उठवलंस?" तो म्हणाला, "मी? तू उठलीस म्हणून मी उठलो."

फाटक उघडंच होतं. आत दाटीवाटीने फरशी पुसायची यंत्रं उभी होती.

६

तपकिरी टोपीवाल्याची सुटकेस संध्याकाळपर्यंत बाकाशी राहिली. मग पोलिसांनी ती नेली.

"गाड्या बंद म्हटल्यावर वैतागून बसने गेला असेल," मास्तर म्हणाले.

"सामान टाकून?"

"लोक काय वाटेल ते विसरतात बाई. मागे एकजण सासूला विसरून गेला होता." विनोद जमला नाही, हे त्यांनाही कळलं. ते थोडा वेळ फाटकाकडे बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला कुलूप लावून घेतलं.

तिने बदली मागितली. उपनगरातल्या एका लहान स्टेशनावर तिकीटखिडकी रिकामी होती, ती तिने पत्करली. निघायच्या दिवशी मास्तर म्हणाले, "आता इथे यंत्रच बसवायचंय. तुमचा आवाज भरून घेऊ का? शब्द सुटे सुटे बोलायचे, बाकी जुळवणं यंत्र करतं. तेवढीच तुमची आठवण राहील इथे."

"नको," ती म्हणाली.

"अहो, लोकांना सवय झालीये तुमच्या आवाजाची."

"म्हणूनच नको."

७

लहान स्टेशनावरचं काम सोपं होतं. घोषणा नव्हत्या, फक्त घंटा. सासूबाईंचं स्टेशन सुटलं. काही दिवस त्या घुश्शात होत्या, मग घराखालच्या बागेत त्यांना नवी बाकं सापडली. त्या दुपारविषयी दोघी एकदाच बोलल्या. सासूबाई म्हणाल्या, "खरं सांगू? अजून ऐकावंसं वाटतं." त्यावर सुनेने त्यांचा हात हातात घेतला, आणि विषय मिटला.

मग एक सुट्टीची दुपार आली. स्वच्छ ऊन पडलं होतं. दोघी गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होत्या. एक टोक सासूबाईंकडे, एक सुनेकडे. ताणायचं, झटकायचं, जवळ येऊन घडी घालायची. दूर कुठेतरी गाडीची शिट्टी वाजली आणि विरून गेली.

"अगं, चल ना," सासूबाई म्हणाल्या. "गाडी लागली."

"आले," ती म्हणाली.

म्हणाली आणि निघाली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सासूबाई हाका मारताहेत, किती प्रेमाने मारताहेत, थांबून कसं चालेल? चादर तिने कठड्यावर ठेवली. चपला पायात घातल्या. जिन्याच्या तीन-चार पायऱ्या उतरली असेल, तेवढ्यात मागून तिच्या खांद्यावर हात पडला आणि बोटं रुतली.

"कुठे निघालीस?" सासूबाई धापा टाकत होत्या. "चादर टाकून कुठे निघालीस तू?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हीच तर बोलावलंत. आता, गच्चीवर."

सासूबाईंनी तिच्या ओठांवरून ते वाचलं. सावकाश वाचलं, आणि पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी तिचं मनगट धरून तिला वर नेलं, उन्हात भिंतीशी बसवलं आणि आपण तिला खेटून बसल्या. मनगट सोडलं नाही.

आणि मग त्या बोलायला लागल्या. गिरणीतल्या मुकादमाच्या गोष्टी, मुलगा लहानपणी कुठल्या झाडावरून पडला ते, शेजारणीची दोन्ही लग्नं, जे तोंडाला येईल ते, खच्चून ओरडून, दुसरं काही ऐकू जाऊ नये अशा आवाजात. खालच्या मजल्यावरचं कुणी खिडकीतून डोकावून बघून गेलं. ऊन कललं, चादरीवर सावली आली, तरी त्या बोलतच होत्या. घसा बसला तरी थांबेनात.

श्वास घ्यायला मात्र त्यांना अधूनमधून थांबावं लागे. तेवढ्यापुरती सून त्यांच्या ओठांकडे बघे. ओठ मिटलेले असत. बोलणं थांबलेलं नसे.